सुट्टीत वाचायला आपल्या स्कीमची फाईल काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत सुट्टीत काय वाचावं याची पानभर यादी दिली तुम्ही, कादंबऱ्या आल्या, प्रवासवर्णनं आली, लहान मुलांच्या गोष्टी आल्या, डाएटचं पण एक पुस्तक आलं. यादी चांगलीच आहे. पण त्यात एक वाचन नव्हतं आणि ते कोणाच्याच यादीत कधी नसतं, म्हणून हे पत्र लिहून राहिले आहे. आपण ज्या बिल्डिंगमध्ये राहतो तिचे कागद. हसू नका, मी सिरियसली बोलतेय. मे महिन्यात नागपुरात अकरानंतर बाहेर पडायची सोय नाही, विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी, घरोघरी कूलरसमोर आडवं पडून मोबाईल बघणं चालू असतं, आणि नेमक्या याच दिवसांत मार्चचा हिशेब बंद झालेला असतो, वार्षिक सभा तोंडावर असते. मग त्या सभेत जे भांडण होतं त्याची उत्तरं ज्या फाईलमध्ये आधीच लिहून ठेवलेली आहेत ती फाईल दुपारच्या वेळी काढून वाचायला काय हरकत आहे?

मी मनीषनगरातल्या चोवीस फ्लॅटच्या एका स्कीमची, आमच्याकडे फ्लॅटच्या बिल्डिंगला स्कीमच म्हणतात, खजिनदार आहे. हौसेनं नाही झाले, कोणी हात वर केला नाही म्हणून झाले, जसं सगळीकडे होतं. नोकरी अकाउंट्सची असल्यामुळे कागद वाचायची सवय आहे एवढंच.

मला वाटतं याचं मूळ आपल्या शहरातच आहे. नागपूर हे मुळात प्लॉटवाल्यांचं शहर. १९३६ मध्ये नासुप्र म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास झाली, लेआउट पडत गेले, प्रत्येकाचं स्वप्न काय तर पंधराशे फुटाचा प्लॉट, पुढे गेट, मागे पेरूचं झाड. प्लॉट घेताना आपला माणूस काय काय बघतो, सातबारा बघतो, एनए बघतो, नासुप्रचं आरएल पत्र आहे का नाही विचारतो, सँक्शन नकाशा मागतो, १९०० लेआउटमधला का ५७२ मधला, म्हणजे नियमित करायला घेतलेल्या लेआउटच्या कोणत्या यादीतला, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. आणि तोच माणूस फ्लॅट घेताना फक्त दोन गोष्टी बघतो, कार्पेट एरिया किती आणि हप्ता किती. बाकी कागद बँकेच्या फाईलमध्ये जातात ते लोन फिटेपर्यंत वापस येत नाहीत, आणि लोन फिटल्यावर ते लोखंडी कपाटात जातात. राहायला आलो फ्लॅटमध्ये पण डोकं अजून प्लॉटवालंच आहे, माझ्या दाराच्या आत माझं, दाराच्या बाहेरचं कोणाचंतरी. ते कोणाचंतरी म्हणजे आपलंच, टक्क्यांत वाटून दिलेलं, हे कागद उघडल्याशिवाय कळत नाही.

तर पहिलं वाचन म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन. आमच्याकडच्या कितीतरी स्कीम या १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत, १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखाली नाहीत. बोलताना आपण सगळ्यालाच सोसायटी म्हणतो त्याला काही हरकत नाही, हरकत तेव्हा येते जेव्हा ग्रुपवर मुंबई-पुण्याचे फॉरवर्ड येऊन पडतात, भाडेकरू ठेवला तर सर्व्हिस चार्जच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, ट्रान्सफर फी पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही, वगैरे वगैरे. ते खोटं नाही, २००१चे शासनाचे आदेश आहेत ते, पण ते सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठीचे आहेत. अपार्टमेंटला आपलं डिक्लरेशन आणि त्याला जोडलेले बायलॉज म्हणजे उपविधी बघावे लागतात. अर्धी सभा आमची याच्यात जाते, एक जण मोबाईल वर करून दाखवतो की हे बघा नियम, दुसरा म्हणतो तो नियम आपला नाही, आणि ज्याच्यात आपला नियम आहे तो कागद सभेत कोणाकडेच नसतो.

हे डिक्लरेशन दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर केलेलं असतं, बिल्डरनं कॉपी दिली नसेल तर तिथून नक्कल काढता येते. त्यात जमिनीचं वर्णन असतं, किती मजले, किती फ्लॅट, सामाईक काय काय आहे, काही जागा ठराविक फ्लॅटवाल्यांसाठीच राखून ठेवलेल्या आहेत का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक फ्लॅटपुढे एक टक्केवारी असते, अविभाज्य हिस्सा म्हणतात तो. आमच्या स्कीममध्ये सोळा टू बीएचके आहेत, प्रत्येकाचे ३.७५ टक्के, आणि आठ थ्री बीएचके आहेत, प्रत्येकाचे ५ टक्के. साठ आणि चाळीस, झाले शंभर. माझ्या आठवीतल्या मुलीनं हे गणित बसल्या बसल्या केलं आणि मग विचारते, आई मग सगळे मेंटेनन्स सारखा काहून देतात?

प्रश्न बरोबर आहे तिचा. १९७०च्या कायद्याचं कलम १० सरळ सांगतं की सामाईक खर्च त्या टक्केवारीच्या प्रमाणात वाटायचा, सामाईक जागेतून काही उत्पन्न झालं, समजा गच्चीवरच्या मोबाईल टॉवरचं भाडं आलं, तर ते पण त्याच प्रमाणात. समजायला सोपं जावं म्हणून वर्षाचा खर्च सहा लाख धरा. सारखा वाटला तर प्रत्येकाला पंचवीस हजार. टक्केवारीनं वाटला तर टू बीएचकेला साडेबावीस हजार आणि थ्री बीएचकेला तीस हजार. आता थ्री बीएचकेवाले म्हणतात की चौकीदार काय आमच्यासाठी जास्त जागतो का, लिफ्ट काय आमच्यासाठी दोनदा येते का. मला त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं वाटत नाही, सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये सर्व्हिस चार्ज सगळ्यांना सारखाच आहे, म्हणजे दोन्ही विचार आपल्याच राज्यात कायद्यात बसलेले आहेत. पण आपण कोणत्या कायद्याखाली आहोत हे कागदावर ठरलेलं आहे, आवाज कोणाचा मोठा यावर नाही. माझा स्वतःचा फ्लॅट टू बीएचके आहे त्यामुळे मी हे बोलले की लोकांना वाटतं ही आपलाच फायदा बघून राहिली, म्हणूनच म्हणते, माझं ऐकू नका, स्वतः वाचा.

दुसरं एक वाक्य त्या कायद्यात आहे ते मोठ्या अक्षरात छापून लिफ्टच्या आत लावावं असं मला नेहमी वाटतं. सामाईक सोयी मी वापरत नाही किंवा फ्लॅट सोडून दिला, असं म्हणून कोणत्याही फ्लॅटधारकाला सामाईक खर्चातून सुटका मिळत नाही. आमच्याकडे पहिल्या मजल्यावरचे एक काकाजी आहेत, स्वभावानं फार चांगले, संक्रांतीला अख्ख्या बिल्डिंगला तिळाचे लाडू वाटतात, पण लिफ्टचा विषय निघाला की त्यांचं एकच वाक्य, "मी पायऱ्यांनी जातो, माझे गुडघे शाबूत आहेत, मी लिफ्टचे पैसे काहून देऊ?" आणि दुसरा प्रकार म्हणजे बंद फ्लॅटवाले. नागपुरात हा प्रकार फार वाढून राहिला आहे, पोरं पुण्या-बंगलोरला नाहीतर अमेरिकेत, आईवडील त्यांच्याकडे, फ्लॅटला कुलूप. फोन केला की म्हणतात आम्ही तर राहतच नाही तिथे, लाईटबिल पण शून्य येते. अहो पण वरची टाकी, गच्ची, कंपाउंड, चौकीदार हे सगळं तुमच्या कुलपाचं पण राखण करून राहिलं आहे ना.

आणि जे रीसेलमध्ये फ्लॅट घ्यायला निघाले आहेत त्यांनी तर हे आवर्जून वाचावं. जुन्या मालकाचा मेंटेनन्स थकलेला असेल तर घेणारा आणि देणारा दोघेही त्याला जबाबदार धरले जातात. घेणाऱ्यानं भरून मग जुन्याच्या मागे वसुलीसाठी फिरायचं. पण त्याच कायद्यात सोय पण आहे, घेणाऱ्याला अपार्टमेंटच्या व्यवस्थापक मंडळाकडून थकबाकीचं लेखी स्टेटमेंट मागता येतं आणि त्यात जो आकडा असेल त्याच्यावर एक पैसा त्याच्याकडून मागता येत नाही. आमच्याकडे एका नव्या कुटुंबाला राहायला आल्यावर हे कळलं. रजिस्ट्रीच्या आधी एक साधा अर्ज दिला असता तर ती कटकट झाली नसती, पण ब्रोकर सांगत नाही, विकणारा कशाला सांगेल.

आता फाईलमधला खरा मजेचा भाग, प्रोसिडिंग रजिस्टर, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही. तुमच्या यादीतल्या कादंबऱ्यांची मला कदर आहे पण आमच्या रजिस्टरच्या तोडीचं काही मी इतक्यात वाचलेलं नाही. आमचे पहिले सचिव पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले होते, राजपत्रित अधिकारी, त्यामुळे सगळं हिरव्या शाईत, सुंदर वळणदार अक्षर, आणि भाषा अशी की जणू गोसेखुर्द धरणाचं टेंडर निघून राहिलं आहे. "उपरोक्त विषयावर साधकबाधक चर्चा होऊन" वगैरे, आणि विषय काय तर चौथ्या मजल्याच्या कूलरचं पाणी तिसऱ्या मजल्यावरच्या पापडांवर पडतं. कूलरचा विषय दरवर्षी मे महिन्यात येतोच येतो. स्टँड बाहेर किती निघावा, नळी कुठे सोडावी, कूलरच्या गवताच्या ताट्या बदलल्यावर जुना कचरा डक्टमध्ये कोणी टाकला. मांजा आणि गच्चीची चाबी जानेवारीत येते. कबुतरं बारा महिने असतात. आणि प्रत्येक तीनचार पानांनी एक वाक्य, "याबाबत पुढील सभेत निर्णय घेण्याचे ठरले." माझ्या पोरीनं आणि तिच्या मैत्रिणींनी दुपारभर बसून ते वाक्य किती वेळा येतं ते मोजायचा खेळ केला.

पण हसण्यावर नेऊ नका, त्याच रजिस्टरमधून गच्चीची पूर्ण गोष्ट कळते. आधी एका पानावर येतं की वरच्या मजल्यावर एका कोपऱ्यात ओल दिसते. मग येतं की वॉटरप्रूफिंगचं कोटेशन मागवावं. मग कोटेशन आलं पण महाग वाटलं. मग असा मुद्दा निघाला की ओल वरच्यांना आहे तर खर्च वरच्यांनी करावा. यावर तर दोन पावसाळे गेले. मग एका सभेत वरच्या मजल्यावरच्या काकूंनी, हे पण हिरव्या शाईत लिहिलेलं आहे, डिक्लरेशन आणून दाखवलं की गच्ची सामाईक जागेत लिहिलेली आहे, मग दुरुस्ती सगळ्यांची. त्या दिवशी विषय संपला. तोवर स्लॅबची सळई उघडी पडली होती आणि नुसत्या वॉटरप्रूफिंगनं भागणार नव्हतं, कोटेशन कुठल्या कुठे गेलं. काकूंनी तो कागद पहिल्याच सभेत आणला असता तर, पण त्यांना तरी कुठे माहीत होतं की उत्तर त्यांच्याच कपाटात आहे. काही स्कीममध्ये बिल्डर गच्ची वरच्या एका फ्लॅटला जोडून देतो, मग तिथे गोष्ट वेगळी होते, म्हणून दुसऱ्या बिल्डिंगचं ऐकून चालत नाही.

पार्किंगचं पण तसंच. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सांगून ठेवलं आहे की स्टिल्टमधलं, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधलं पार्किंग ही सामाईक जागा, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. तरी आजही साध्या पावतीवर पार्किंग विकत घेतलेले लोक भेटतात आणि त्यावर पांढरा पट्टा मारून, साखळी लावून बसतात. इथे जास्त लिहीत नाही, पार्किंगवर लिहायला बसले तर तुमची पूर्ण पुरवणी भरेल.

बाल्कनी आत घेणारे आणि भिंत पाडून हॉल मोठा करणारे यांच्यासाठी पण एक कलम आहे. बिल्डिंगच्या मजबुतीला धोका होईल किंवा तिची किंमत कमी होईल असं काम बाकी सगळ्या फ्लॅटधारकांच्या एकमतानं दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. सगळ्यांच्या, म्हणजे त्या पायऱ्यांनी जाणाऱ्या काकाजींची पण.

लिफ्टचा करार हे आणखी एक वाचण्यासारखं साहित्य. आमच्या जुन्या कराराचं पहिलं पान फार गोड होतं, महिन्यातून एकदा सर्व्हिसिंग, कॉल आल्यावर लवकरात लवकर माणूस, चोवीस तास फोन. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात काय काय यात येत नाही त्याची यादी होती, वायर रोप नाही, मेन मोटरचं वाइंडिंग नाही, कंट्रोलरचं कार्ड नाही, लाईट गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणणाऱ्या यंत्राची बॅटरी नाही, व्होल्टेजमुळे काही जळलं तर नाही. म्हणजे तेल आणि फडकं तेवढं येतं. पावसाळ्यात वीज कडाडून कार्ड उडालं आणि बिल आलं तेव्हा सगळे म्हणायला लागले की मग आपण एएमसीचे, म्हणजे या वार्षिक देखभाल कराराचे पैसे कशाचे देतो. कशाचे ते त्याच शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं आणि खाली आमच्याच दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. त्यानंतर आम्ही पार्ट्ससकटचा म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह करार केला, महाग आहे, पण त्याच्यातही रोप आहे का आणि बॅटरी आहे का हे पेन्सिलनं टिक करूनच सही केली. लिफ्टसाठी राज्याचा २०१७चा वेगळा कायदा आहे, लायसन्स लागतं, विद्युत निरीक्षकांकडून तपासणी लागते, तो कागद पण फाईलमध्ये आहे का बघून घ्या. नुसता लिफ्टमध्ये गणपतीचा फोटो आहे म्हणजे झालं असं नाही.

पाण्याचा हिशेब मात्र कोणत्याच कागदात सापडत नाही, तो आपल्यालाच मांडावा लागतो. मोठा डेझर्ट कूलर भर दुपारी तासाला दहा लिटर तरी पाणी पितो. चोवीस घरांत दोन दोन धरले आणि दिवसाचे दहा तास धरले तर चार हजार आठशे लिटर, म्हणजे जवळपास अर्धा टँकर रोज नुसता हवेत जातो. नळाचं कनेक्शन असलं तरी एप्रिल-मेमध्ये टाकी दुपारी चारला खाली होते ती याच्यामुळे, आणि ग्रुपवर मात्र भांडण होतं की कोण गाडी धुऊन राहिला. गाडी धुणारा पण आहे, नाही असं नाही. पण आकडा समोर ठेवला तर माणूस जरा शांत बोलतो असा माझा अनुभव आहे. आम्ही एवढंच ठरवलं की कूलरला फ्लोट वॉल्व्ह, म्हणजे पाणी भरलं की आपोआप बंद होणारा नळ, लावलाच पाहिजे, नळी सोडून विसरायचं नाही, आणि मोटर चालू-बंद करायचं टायमिंग चौकीदाराच्या मूडवर न ठेवता टाकीला सेन्सर लावायचा. फोन मला येतो म्हणून सांगते. सभेला बहुतेक घरांतून पुरुष येतात, आणि टाकी खाली झाली की त्यांच्या घरून फोन मात्र बाईला, म्हणजे मला येतो, हे एक कोडंच आहे.

बाकी कागद भराभर सांगते. आगीचा २००६चा कायदा, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, त्याच्याखाली दर जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सवाल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. आपल्या बिल्डिंगला काय यंत्रणा लागते ते फायर एनओसीत असतं, तो कागद काढा आणि मग पार्किंगमधल्या लाल सिलिंडरवरची तारीख वाचा, धूळ पुसून. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तीसच्या वरच्या बिल्डिंगचं दर तीन वर्षांनी सांगितलेलं आहे. आपण अपार्टमेंट असलो तरी सिमेंटला कुठे माहीत आहे आपण कोणत्या कायद्यात बसतो. त्याच उपविधींत दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव ठेव, किमान पाव टक्का दरवर्षी असं आहे. फ्लॅटचा बांधकाम खर्च पंधरा लाख धरला तर दोन्ही मिळून वर्षाचे पंधरा हजार, महिन्याचे साडेबाराशे, आणि हे चौकीदार, लाईटबिल, सफाई सोडून. आमच्याकडे कितीतरी स्कीमचा पूर्ण मेंटेनन्सच तेवढ्यात उरकलेला असतो. मग रंगकाम निघालं की घरटी चाळीस-पन्नास हजार एकदम मागायची वेळ येते आणि सचिव रस्त्यात दिसला की लोक पलीकडून जातात.

नवीन स्कीमवाल्यांनी रेराचा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचा कागद बघावा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला आणि लेखी कळवलं तर बिल्डरनं तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. लोक सहाव्या वर्षी जागे होतात. तोंडी सांगितलं होतं म्हणतात. तोंडी काही नसतं.

आणि विमा. २३ सप्टेंबर २०२३ची पहाट नागपूरकर विसरले नसतील, काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी सगळीकडे घरांत पाणी. तिथल्या तळमजल्यावर राहणाऱ्यांचं जे झालं ते झालंच, पण पार्किंगमध्ये मीटरचं पॅनल, पाण्याची मोटर, लिफ्टचा खड्डा, गाड्या हे सगळं पाण्याखाली गेल्यावर वरच्या मजल्यावरचे लोक पण लाईट आणि पाण्याविना बसले. घरातल्या सामानाचा विमा एखाद्यानं काढलेला असतो, पण बिल्डिंगचा सामाईक विमा आहे का, त्यात पूर येतो का, हे सभेत विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. आमचं मीटर पॅनल आम्ही त्यानंतर वर उचलून घेतलं, आमच्याकडे पाणी आलं नव्हतं तरी. खर्चावरून बोलणी खाल्ली, हरकत नाही.

सोलरबद्दल एवढंच, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत नुसत्या स्वतंत्र घरांना नाही तर सोसायट्या आणि रहिवाशांच्या संघटनांना पण सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे अठरा हजार रुपये सबसिडी आहे. लिफ्ट, मोटर, पार्किंगचे दिवे यांचं कॉमन मीटरचं बिल आमच्या खर्चात चौकीदाराच्या पगारानंतर दुसऱ्या नंबरवर आहे आणि नागपूरला उन्हाची काही कमी नाही. पण त्यासाठी गच्ची सामाईक आहे हे आधी कागदावर दाखवावं लागतं. म्हणजे परत तीच फाईल.

आता तुमच्याकडे मागणं. हे सगळे कागद इंग्रजीत आहेत आणि असल्या इंग्रजीत की एक वाक्य अर्ध्या पानाचं. आमच्या काकाजींना चार पानं वाचून दाखवली तर ते म्हणाले, "पोरी, हे माणसासाठी लिहिलं का स्टॅम्प पेपर संपवायसाठी?" सरकारी मराठीतला अनुवाद शोधला तर तो आणखी कडक. तुमच्या पुरवणीत रेसिपीला एक पान आहे, राशिभविष्याला आहे, गाड्यांना आहे. या सुट्टीत चार रविवार अर्ध पान फ्लॅटवाल्यांना द्या. एकदा डिक्लरेशन कसं वाचायचं, एकदा मेंटेनन्सची टक्केवारी, एकदा लिफ्ट आणि आग, एकदा थकबाकी आणि रीसेल. लिहायला एखादा वकील आणि एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर घ्या, आणि त्यांना सांगा की बोलतात तसं लिहा. आणि कृपा करून मुंबईच्या आवृत्तीतलं उचलून छापू नका, तिथला कायदा सोसायटीचा असतो, आमची तीच तर अडचण आहे.

आमच्या स्कीमची वार्षिक सभा जूनच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सातला पार्किंगमध्ये आहे. त्याच्या आधी कलम १० वरचा भाग तरी छापला तर मी त्याच्या चोवीस झेरॉक्स काढीन, झेरॉक्सचा खर्च टक्केवारीनं वाटायचा का सारखा ते सभेत ठरवू.

आपली,
एक खजिनदार
मनीषनगर, नागपूर